केळ्यांची खोली

निवृत्त झाल्यापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात. पावडरची केळी कशी ओळखायची? लग्नात विचारतात, बारशाला विचारतात, परवा दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं. मी सांगते, साल पिवळीधमक आणि दांडा हिरवागार असेल तर जरा जपून. लोक समाधानाने मान डोलावतात. खरं तर एवढ्यावरून फारसं काही कळत नाही. पण बारशात त्याहून जास्त कोण ऐकून घेणार?

ती केळी पिकतात कुठे आणि तिथे कोण असतं, हे मात्र कुणी विचारत नाही. या अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा असं सांगणं आलं, तेव्हा मी आधी गमतीजमतीच लिहायला घेतल्या. चार पानं झाल्यावर लक्षात आलं की मी काशिनाथभाऊंना वळसा घालून लिहितेय. ती पानं बाजूला ठेवली.

मी अंबरनाथची. वडील तिथल्याच एका कारखान्यात फिटर होते. मीही बारावीनंतर एका कंपनीच्या स्टोअरमध्ये लागले. माल मोजून घ्यायचा, मोजून द्यायचा. ती कंपनी बंद पडली आणि दोन हजार सालाच्या आसपास मी उल्हासनगरला किशिनचंद सेठच्या केळ्यांच्या वखारीत नोकरी धरली. आई म्हणाली, "वखारीत बाईमाणूस कोण ठेवतं?" किशिनचंद सेठने ठेवली, कारण त्याला हमालांशी न भांडता हिशेबाने काम करून घेणारं कुणीतरी हवं होतं आणि त्याचा स्वतःचा आवाज फार लवकर चढायचा. मला तो 'अदी' म्हणायचा. सिंधीत अदी म्हणजे बहीण. पगार वाढवायची वेळ आली की जरा जास्तच प्रेमाने म्हणायचा.

केळं बाजारात हिरवं येतं, दगडासारखं. खानदेशातून ट्रक निघतो तेव्हा ते कच्चंच असायला लागतं, पिकलेलं निघालं तर कसारा घाट उतरेपर्यंत त्याचं शिकरण होईल. मग आमच्यासारखे घाऊक व्यापारी ते बंद खोलीत ठेवून पिकवतात आणि रंग चढला की हातगाडीवाल्यांना, दुकानदारांना देतात. आमच्या वखारीत जुनी धुरीची खोली होती. मातीने लिंपलेल्या भिंती, लाकडी दार, मडक्यात भुसा पेटवून धूर कोंडायचा. धुराने केळं पिकतं. पुढे धुराच्या जागी पावडरच्या पुड्या आल्या. ती पावडर ओली झाली की गॅस सोडते आणि हाताला लागली की कातडी सोलते. दोन्ही पद्धतींत वरचे घड उकडून निघायचे, खालचे हिरवे राहायचे.

त्यात ते घड ट्रकमध्ये सुटे, एकावर एक रचलेले. उतरवताना हमाल फेकणार, खालचा झेलणार. आपटलेलं केळं लगेच दिसत नाही. ते पिकताना काळं पडतं, म्हणजे ज्याने आपटलं तो केव्हाच घरी गेलेला असतो. रोज सकाळी वखारीमागच्या नाल्यात पाट्याच्या पाट्या रिकाम्या व्हायच्या. पावसाळ्यात नाला पिवळाकाळा फेसाळायचा आणि त्या वासाने मला पहिले काही महिने जेवण जात नव्हतं.

स्टोअरमध्ये काम केलेल्या माणसाला माल फेकलेला बघवत नाही. मी सेठच्या मागे लागले. घड शेतावरच कापून फण्या करून प्लॅस्टिकच्या कॅरेटमध्ये भरून मागवू. सेठ म्हणाला, "अदी, रिकामे कॅरेट परत पाठवायचं भाडं तुझा बाप देणार काय?" वर्षभर वाद घातला. शेवटी एका गाडीपुरते कॅरेट मागवले. त्या गाडीतला फेकायचा माल इतका कमी निघाला की सेठ स्वतः नाल्याकडे जाऊन बघून आला, कुणी आधीच फेकून तर दिला नाही ना म्हणून.

उरलेल्या मालालाही मी वाटा शोधल्या. कुळगावचे एक वेफर्सवाले अण्णा होते. त्यांना तुटकी कच्ची केळीच हवी असत. चुकून सबंध फणी दिली तर रागावायचे. "हे कुणाच्या तरी ताटात जायचं होतं, मला कशाला?" म्हणून परत करायचे. उल्हासनगरच्या कॅम्पातली एक म्हातारी अम्मा फक्त काळी पडलेली केळी न्यायची आणि पिवळी केळी घेणाऱ्यांना अक्कल नाही असं सिंधीत मोठ्याने सांगायची. तिच्याकडे पाहून आणखी चारजणी काळी केळी मागू लागल्या. तबेलेवाल्याने साली आणि दांडे नेले. एवढं करून नाला हळूहळू नाल्यासारखा दिसू लागला, याचा मला आजही अभिमान आहे.

या सगळ्यात माझ्या बाजूने उभा राहिलेला पहिला माणूस म्हणजे काशिनाथभाऊ. बदलापूरजवळच्या चामटोलीचे. घरची थोडी भातशेती, पण वखारीत ते माझ्या कितीतरी आधीपासून होते. हमाल म्हणून आले आणि धुरीची खोली सांभाळायला लागले. उंच, वाकलेले, बोलणं कमी. त्यांची बायको यमुना आमच्याकडेच फण्या निवडायला बसायची. त्यांच्या बोलीत ळ चा ल होतो. दोघं केळीला केली म्हणायचे आणि यमुनाच्या तोंडी "केली फेकली" हे शब्द आले की मला दर वेळी हसू यायचं. ती म्हणायची, "हस, हस. तुमचा अंबरनाथ मोठा शाहना." पावडरच्या पुड्या बांधून तिच्या बोटांच्या टोकांवरची कातडी पांढरी पडली होती.

कॅरेट आले तेव्हा बाकीचे हमाल कुरकुरले. काशिनाथभाऊंनी एक कॅरेट उचललं, हळूच खाली ठेवलं आणि म्हणाले, "असा ठेवायचा. मूल ठेवतो तसा." मग बाकीचेही तसेच ठेवू लागले.

सेठला कॅरेटचा फायदा दिसल्यावर त्याने पुढचं पाऊल टाकलं. धुरीची खोली पाडून तिथे नवीन थंड खोली बांधायची. भिंतींना आतून जाड फोमचे पत्रे, फ्रीजसारखं दार, गार हवेचं यंत्र, आणि नळीने मोजून गॅस सोडायचा. पावडर कायमची बंद. यमुनाला हे कळलं तेव्हा तिने उरलेल्या पुड्या स्वतःच्या हाताने सेठसमोर नेऊन ठेवल्या.

यंत्र बसवायला पुण्याहून एक माणूस आला होता. त्याने जाताना आम्हा सगळ्यांना दारात उभं करून समजावलं. केळं झाडावरून कापलं तरी मरत नाही. ते श्वास घेतं. आपल्यासारखंच हवेतला प्राणवायू ओढतं आणि घाण वायू सोडतं. पिकायला लागलं की तो श्वास कितीतरी पटीने वाढतो. ही खोली हवाबंद आहे. पंखा आणि मागची झडप रोज चालली नाही, तर आतली सगळी हवा केळीच संपवतील. म्हणून दार उघडलं की आधी बाहेर थांबायचं, हवा खेळू द्यायची, मगच आत.

काशिनाथभाऊ त्या माणसाला म्हणाले, "साहेब, धुराच्या खोलीत मी डोले मिटून उभा राह्यलो. ही तर गार हाय."

तो माणूस म्हणाला, "काका, धूर दिसतो, झोंबतो. माणूस पळतो. हे दिसत नाही."

मी हेच दारावर लाल रंगाने मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. सगळे तसंच करायचे, काशिनाथभाऊसुद्धा. वर्षभर खोलीने सुरेख काम दिलं. सगळी केळी एका रंगाची. दुसऱ्या व्यापाऱ्यांचे लोक बघायला येत आणि सेठ त्यांना दारापर्यंतच नेऊन परत फिरवी.

तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. वीज रोज जायची, म्हणून जनरेटर घेतलेला. एकदा उन्हाळ्यात तो ऐन वेळी बिघडला आणि अख्खी खोली उकडली. उकडलेलं केळं वरून हिरवट, आतून लगदा. ते कुणालाच चालत नाही, तबेल्यातल्या म्हशींनाही नाही. तो माल नाल्यावर नेताना काशिनाथभाऊंनी एकाही हमालाला हात लावू दिला नाही. सगळ्या पाट्या स्वतः वाहिल्या. संध्याकाळी मी म्हटलं, भाऊ, एवढं मनाला लावून घेऊ नका. म्हणाले, "ताई, कोनी लावली, कोनी पानी घातला, आनि आपन हितं आनून मारली."

त्याच वर्षी श्रावणात ते घडलं. आमच्या धंद्यात तो सगळ्यात गर्दीचा काळ. सिंधी लोकांचा चाळीस दिवसांचा चालिहा उपास, आपले श्रावणी उपास आणि लगेच पुढे गणपती, सगळ्यांना केळी हवीत. खोली छतापर्यंत भरलेली. गॅस देऊन झालेला, रंग नुकताच फुटत होता. म्हणजे केळी सगळ्यात जोराने श्वास घेत होती.

आदल्या दिवशी दुपारी आमच्या भागाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. जनरेटर लावला, तो संध्याकाळपर्यंत चालला आणि बंद पडला. मिस्त्री कल्याणहून सकाळी येणार होता. मी सकाळी कामावर आले तेव्हा खोली तशीच बंद होती. मी म्हटलं, दार उघडून टाकू, हवा खेळू दे. सेठ म्हणाला, "अदी, आतली थंडी गेली तर माल शाम तक नहीं टिकेगा. मिस्त्री रस्त्यात आहे. थोडं थांब." आत जायचं कुणालाच काम नव्हतं. मी सगळ्यांना बजावलं, दार उघडायचं नाही, आत तर मुळीच नाही. आणि सेठबरोबर वीज कार्यालयात गेले. तिथे आमच्यासारखी बरीच मंडळी आधीच ओरडत होती. ट्रान्सफॉर्मर आज येईल, एवढं उत्तर घेऊन आम्ही परतलो.

वखारीत शिरले तर निवडायला बसलेल्या बायकांमध्ये यमुना होती, पण काशिनाथभाऊ नव्हते.

"भाऊ कुठायत?"

यमुना हातातली फणी न ठेवताच म्हणाली, "आत गेलाय. दाराशी वास आला त्याला, केली उकडतायत म्हनाला. कॅरेट जरा सुटे करून येतो म्हनाला."

"दार तर बंद आहे."

"थंडी जाल म्हनून वढून घेतला त्यानी."

मी धावले. दार उघडलं तेव्हा आतून गोडसर, जड, कोमट हवा अंगावर आली. टॉर्च मारला. दोन रांगांच्या मधल्या बोळात, पार मागे, त्यांचे पाय दिसले. पालथे पडले होते. एक कॅरेट तिरकं होऊन भिंतीला टेकलेलं होतं. एकही केळं सांडलं नव्हतं. पडता पडतासुद्धा त्यांनी ते टेकवून ठेवलं असणार.

मी हाक मारली. माझ्या मागून यमुनाने पाहिलं आणि ती सरळ आत निघाली.

मी तिला कमरेला धरलं. ती माझ्याहून बारीक होती, पण आयुष्यभर ओझी उचललेली. तिने मला दाराच्या चौकटीवर आपटलं. माझ्या हाताला चावली. ओरडत होती, "सोड! तो आत हाय! माजा मानूस हाय!" मी सोडलं नाही. दुसऱ्या बायकांना ओरडून सांगितलं, हिला धरा, कुणी आत जाऊ नका. एका हमालाने ऐकलं नाही, त्याचं नाव रामआसरे. नाक दाबून आत पळाला. बोळाच्या निम्म्यापर्यंत गेला, वळला आणि दाराशी येऊन गुडघ्यावर कोसळला. तोंड निळं. त्याला आम्ही ओढून बाहेर काढलं. तो वाचला, पण तो कोसळलेला बघितल्यावर मग कुणी पुढे झालं नाही. सगळे तिथेच उभे. आणि काशिनाथभाऊंचे पाय आम्हाला दिसत होते.

मागच्या बाजूने जाऊन मी झडपेचा पत्रा कुदळीने उचकटायला लावला. पुढून ताडपत्री धरून दोघं दोघं वारा घालायला लागले. सेठ डोक्यावर हात मारत मोठमोठ्याने सिंधीत देवाचं नाव घेत होता. गल्लीतले लोक जमले. एकाने मला शिवी दिली, म्हणाला, माणूस मरतोय आणि बाई दार अडवून उभी आहे. मी वारा घालणाऱ्यांना थांबवलं, सेठच्या गल्ल्यावरच्या देवापुढचं निरांजन उचललं आणि दारात वाकून आत धरलं. ज्योत बारीक झाली आणि विझली. तेव्हा त्या माणसाचं तोंड बंद झालं.

चामटोलीला विहीर उपसायची असली की आधी कंदील खाली सोडून बघतात, हे पुढे मला यमुनाच्याच दिराने सांगितलं. विहिरीला काशिनाथभाऊ घाबरले असते. खोलीला घाबरले नाहीत. ती त्यांची रोजची होती.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. दुसऱ्यांदा ज्योत टिकली. दोन हमालांच्या कमरेला दोर बांधला आणि त्यांनी काशिनाथभाऊंना पायाने ओढत बाहेर आणलं. यमुनाला बायकांनी सोडलं. तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदराने त्यांचा चेहरा पुसत राहिली, त्यांना घाम आला असावा तसा. रिक्षातून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि आमच्याकडे न बघता काढली.

हवालदार लिहून घ्यायला बसला तेव्हा त्याने मला तीनदा विचारलं, "गॅसची गळती झाली का?" मी सांगितलं, गळती झाली नाही. केळ्यांनी हवा संपवली. त्याने पेन खाली ठेवलं. "बाई, केळ्यांनी माणूस मेला असं लिहू का मी?" शेवटी गुदमरून अपघाती मृत्यू असं लिहिलं. बरोबरच होतं ते. पण त्या कागदावर केळ्यांचं नाव कुठेच आलं नाही.

चामटोलीला अंत्ययात्रेला मी गेले. यमुनाच्या बाजूच्या बायकांनी मला जागा दिली नाही, मी मागे उभी राहिले. हाताला चावल्याच्या जागी पट्टी होती. तिच्या दोन मुली, मोठी दहावीतली, आईला दोन्ही बाजूंनी धरून होत्या. सेठही आला होता. पायात चप्पल न घालता चितेपर्यंत चालत गेला. त्याच्याबद्दल लोक पुढे खूप काही बोलले. काही खरं होतं. पण त्यानंतर तो त्या खोलीच्या बाजूला कधी फिरकला नाही आणि मुलींची शिक्षणं त्याने शेवटपर्यंत निभावली, हेही खरं आहे.

खोलीतला माल तसाच पडून होता. सेठने तो सगळा फेकायला सांगितला. एक व्यापारी कमी भावात उचलायला तयार होता, त्याला सेठने हाकलून लावलं. काशिनाथभाऊंचे दिवस झाल्यावर हमाल कॅरेट बाहेर काढून टेम्पोत रिकामे करू लागले. नेमकी त्याच वेळी यमुना आली. दिराबरोबर आली होती, काशिनाथभाऊंचे वखारीत ठेवलेले कपडे आणि डबा न्यायला. पांढरं कपाळ, रिकामे हात. ती टेम्पोपाशी थांबली.

"ही त्या दिवशीची केली?"

मी हो म्हटलं.

"फेकता?"

"हो."

"नका." तिने एक कॅरेट खाली ओढलं आणि जमिनीवर बसली, रोज बसायची तशी. एक फणी उचलली. केळं तोडलं, सोललं. आतला लगदा तिच्या बोटांवर आला, दारूसारखा आंबूस वास सुटला. ते बाजूला ठेवलं. दुसरी फणी घेतली. मग दुसरं कॅरेट. मी तिच्या समोर बसले आणि मीही उचकायला लागले. हमाल थांबले, टेम्पोवाल्यानेही इंजिन बंद केलं. आम्ही वरचं बघितलं, मधलं बघितलं, तळातलं बघितलं. एखादी फणी हाताला घट्ट लागायची आणि ती आशेने सोलायची. आत तेच.

बऱ्याच वेळाने ती उठली. हात कुठे पुसावेत ते तिला कळेना, शेवटी तिने ते लुगड्यालाच पुसले.

"एकपन नाय," ती म्हणाली. "फेका."

कपडे आणि डबा घेऊन ती गेली. वखारीत परत कधी आली नाही.

मी तिथेच राहिले. खोलीच्या मागच्या भिंतीत हाताने उघडणारी मोठी खिडकी पाडून घेतली, विजेशिवाय चालणारी. दाराला आतून ओढून घ्यायची मूठच काढून टाकली. दुसरा जनरेटर आला. त्या काळात अंबरनाथ, बदलापूरला जुन्या गाळ्यांना आतून थर्माकोल चिकटवून अशा खोल्या करायची टूम निघाली होती. माल फेकावा लागत नाही म्हणून सगळेच करत होते. मी रविवारी त्यांच्या दारात जाऊन उभी राहायची आणि काशिनाथभाऊंची गोष्ट सांगायची. काहींनी ऐकून खिडक्या पाडल्या. एकजण म्हणाला, "बाई, तुमच्याकडे अपशकुन झाला. आमच्या दारात येऊन कशाला सांगता?" त्याच्याकडे मी पुन्हा गेले, मग तिसऱ्यांदा गेले. तिसऱ्या वेळी त्याच्या बायकोने त्याला खिडकी पाडायला लावली.

पुढे व्यापाऱ्यांच्या एका मेळाव्यात नासाडी कमी केल्याबद्दल माझा सत्कार झाला. शाल, नारळ, माईक. मी माईकवर काशिनाथभाऊंचं नाव घेतलं आणि ते कसे गेले ते सांगितलं. मग सूत्रसंचालकाने घसा खाकरून चहापानाची घोषणा केली.

निवृत्तीनंतर एक दिवस मी चामटोलीला गेले. इतकी वर्षं का गेले नाही असं कुणी विचारेल. दोनदा गेले होते, दोन्ही वेळा दिराने ती घरी नाही म्हणून सांगितलं आणि आतून भांड्यांचा आवाज येत होता. या वेळी तिनेच दार उघडलं. केस पूर्ण पांढरे. मुली नांदायला गेलेल्या, धाकटी बदलापूरला नर्स. गावात इमारती उठलेल्या, पण हिचं घर तेच होतं. तिने मला ओट्यावर बसवलं, चहा केला. मुलींचं बोलली, गुडघ्यांचं बोलली. मी वखारीचं काही काढलं नाही.

मग तिने मध्येच विचारलं, "तू मना धरलंस तवा तो जित्ता होता का गं?"

या प्रश्नाचं उत्तर मी स्वतःला पुष्कळ वेळा दिलं होतं, निरनिराळं. डॉक्टरांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, सांगता येत नाही, काही मिनिटं असूही शकतो. तिला नाही म्हणणं सोपं होतं. आधीच गेले होते असं म्हटलं असतं तर तिची रात्रीची झोप परत आली असती कदाचित.

"मला माहीत नाही यमुना," मी म्हटलं. "असतीलही."

तिने समोरच्या रस्त्याकडे बघितलं. एक टेम्पो गेला, त्याची धूळ ओट्यावर आली.

"तू धरलंस म्हनून पोरींना आई राह्यली," ती म्हणाली. "नायतर मीबी तितंच पडले असते. ह्ये मना कलतं. त्याच दिशी कललं होतं. पन कलून काय करू?"

तिने माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि विसळायला मागच्या दारी गेली. मी ओट्यावर थांबले. आत पाणी पडल्याचा आवाज येत होता. एका कपाला लागतं त्याहून कितीतरी जास्त वेळ तो येत राहिला.